टॉवरमागची पोती

मी जड वस्तू वर टांगतो. कुणी कामधंदा विचारला तर एवढंच सांगतो आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतो. गावात मला साउंडवाला म्हणतात. काही जण डीजेवाला म्हणतात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. डीजेवाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डबे रचतो आणि गल्लीतले पत्रे हलवतो. मी उघड्या मैदानात टॉवर उभा करून वीस फुटांवर साडेतीनशे किलोचे स्पीकर टांगतो, आणि त्यांच्यासमोर बायका-लेकरं सतरंजीवर निवांत बसून गाणी ऐकतात. "हे पडलं तर?" असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही येत नाही. ते येऊ नये म्हणून मी सकाळपासून घाम गाळलेला असतो. आपलीच टिमकी वाजवतोय असं वाटेल. वाजवतोच आहे. काम येत असलं की थोडी वाजवायला हरकत नाही.

हे काम मी पुण्यात शिकलो. दहा वर्षं एका मोठ्या साउंड कंपनीत होतो. पहिली दोन वर्षं नुसत्या केबली गुंडाळल्या, मग साखळीला हात लावायला मिळाला. तिथे एक उस्ताद होता, कमी बोलणारा आणि जास्त डोळे वटारणारा. त्याचे नियम माझ्या अंगात भिनलेत. वजन उचलताना एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वजनाखाली कुणी उभं राहायचं नाही, मंत्री आला तरी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन जमिनीपासून हातभर वर आलं की थांबायचं. एक चहा पिऊन होईल एवढा वेळ ते तसंच लटकू द्यायचं आणि तेवढ्यात साखळी, कड्या, बोल्ट, टॉवरचे पाय, सगळं पुन्हा बघायचं. जे काही बिघडायचं ते हातभर उंचीवर बिघडू दे, असं तो म्हणायचा.

पुण्यात असताना वडिलांबद्दल कुणी विचारलं की मी सांगायचो, "बाजार समितीत होते." ऐकणारा समजायचा, कारकून असतील. मी त्याला तसं समजू द्यायचो. खोटं बोलत नव्हतो, पण खरंही बोलत नव्हतो. बाबा वाशीमच्या बाजारात हमाल होते. तीस वर्षं त्यांनी सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची पोती पाठीवरून वाहिली, ट्रकमधून उतरवली, थप्प्या लावल्या. त्यात त्यांची पाठ गेली. आता ते उभे राहिले तरी किंचित वाकलेले असतात, पाठीवर अजून काहीतरी असल्यासारखे. शाळेत पोरं मला हमालाचा म्हणून हाक मारायची आणि मी प्रत्येक वेळी मारामारी करून घरी यायचो. बाबा शर्टाची तुटलेली बटणं बघायचे आणि आईला म्हणायचे, "पोरगं खेळून आलं." त्यांना सगळं कळत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गावी परतलो आणि स्वतःचं सामान उभं केलं. आमचं गाव मेडशीपासून आत चार-पाच किलोमीटरवर. एप्रिलमधली जयंती आमच्याकडे मोठी होते. विहारासमोरच्या मैदानात संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि किन्हीराजापासून माणसं येतात. साउंड दरवर्षी अकोल्याहून यायचं. त्या वर्षी कमिटीनं ठरवलं की आपलाच माणूस आहे, यालाच सांगू. मी वरवर म्हणालो, "पाहू, तारीख मोकळी असन त करू." घरी येऊन बायकोला उचलून धरलं. बाहेर शंभर कार्यक्रम केले असतील, पण स्वतःच्या गावाच्या मैदानात स्पीकर टांगायचे, यानं छाती काही वेगळीच फुगते.

आता थोडं कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. स्पीकर टॉवरच्या पुढच्या बाजूला लटकतात, त्यामुळे टॉवरला सतत पुढे झुकायचं असतं. त्याला मागे धरून ठेवायला मागच्या पायांवर वजन ठेवावं लागतं. आम्ही त्याला दाब म्हणतो. शहरात हजार लिटरची पाण्याची टाकी भरून ठेवतात आणि विषय संपतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बाया हंडे रांगेत लावतात. तिथे मी स्पीकरसाठी दोन हजार लिटर पाणी मागितलं असतं, तर गावानं मलाच टॉवरला टांगलं असतं. मी कमिटीला म्हणालो, पोत्यांत मुरूम भरून आणू. त्यावर एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "घरोघरी सोयाबीन पडून हाये, मुरूम कायले भरता? एकेक पोतं देऊ आमी."

मला ते पटलं. पोत्याचं वजन पक्कं असतं आणि ते चांगलं बसतं. दवंडी न पिटता गावभर बातमी गेली आणि पोती येऊ लागली. पाटीलपुऱ्यातून आली, आमच्या वस्तीतून आली. कुणी डोक्यावर आणलं, कुणी बैलगाडीत. जो तो आपलं पोतं पुढे दिसेल असं ठेवायला सांगत होता. माझा टॉवर म्हणजे गावाचं प्रदर्शन झालं. दाबासाठी पोतं थप्पीत कुठेही असलं तरी चालतं, हे मी सांगून थकलो. एक गृहस्थ मात्र सगळ्यांवर ताण करून गेले. त्यांनी तीन पोती आणली, ट्रॉलीतून, हॉर्न वाजवत. "लोकायनं एक-एक देल्लं, आपलं तीन," असं ते त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होते.

मी गावातल्या व्यापाऱ्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि एकूण एक पोतं मोजून घेतलं. प्रत्येकावर खडूनं वजन लिहिलं. बासष्ट, चौसष्ट, साठ. एका टॉवरला किती दाब लागतो ते काढलं आणि वर दोन पोती जास्तीची धरली. माझं काम असंच असतं.

थप्पी लावताना बाबा आले. जरा वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "अशी नको लावू. एक आडवं, एक उभं, असं घे. बंद बसते मंग." आणि वाकून एका पोत्याचा कान धरला. त्यांची पाठ, डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळं मला आठवलं, हे खरं आहे. पण आजूबाजूला कमिटीची माणसं होती, माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, आणि पोत्याचा कान धरलेले बाबा मला त्या क्षणी नको होते, हेही तितकंच खरं आहे.

"बाबा, तुमी घरी जा," मी म्हणालो. "हे हमालीचं काम नाई."

त्यांनी पोत्याचा कान सोडला. हात पायजम्याला पुसले. "बरं," म्हणाले आणि निघून गेले. मला लगेच चुकल्यासारखं झालं, पण मी हाक मारली नाही. मी काटा परत द्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदक आले. ते वाशीमकडच्या मालेगावचे, आमच्या गावातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. संध्याकाळी गावातल्या दोन-तीन जणांचा सत्कार होता, त्यात मी होतो. त्यांनी माझी माहिती कागदावर लिहून मागितली. नाव, शिक्षण, पुण्यातला अनुभव लिहिला. वडिलांच्या रकान्यात हात सवयीनं चालला, "बाजार समितीत नोकरीस होते." ज्या गावातल्या प्रत्येक माणसानं बाबांना पोतं वाहताना पाहिलंय, त्याच गावात हे मोठ्यानं वाचलं जाणार होतं. एवढा विचार मी केला नाही. कागद दिला आणि टॉवरकडे गेलो.

ऊन तापायच्या आत उचलायचं होतं. माझ्याबरोबर पुण्यापासून सोबत असलेले दोन जोडीदार, दोघे डाव्या-उजव्या टॉवरच्या दोन चेनपुलींवर. मी मधे, दोन्ही बाजू दिसतील असा. भोवती दोरी बांधली होती, कारण आमच्या गावात काम बघणाऱ्याला हात लावल्याशिवाय राहवत नाही. कुणी काही उचलत असेल तर दहा जण "लावा रे जोर" म्हणत धावतात. मायेनं धावतात, पण साखळीवरच्या वजनाला माया कळत नाही. दोरीच्या पलीकडे मैदानात बाया सतरंज्या अंथरत होत्या. माझी बायकोही त्यांच्यात होती.

"उचल," मी म्हणालो. साखळ्या खडखडल्या. दोन्ही टॉवरचे सहा-सहा स्पीकर, एकाखाली एक जोडलेले, जमिनीवरून सुटले. "थांब." हातभर उंचीवर सगळं लटकून राहिलं. मी कड्या बघितल्या, बोल्ट बघितले, साखळी बघितली. मागे जाऊन पोती मोजली. आकडा बरोबर होता आणि खडूची अक्षरंही तीच होती. पोत्यांना हात लावून बघितला का? नाही. काल काट्यावर मोजली होती ना. मी माझ्याच खडूवर विश्वास ठेवला.

तेवढ्यात बाबा चहाची किटली घेऊन आले. कालचं काही मनात ठेवलं नव्हतं, किंवा ठेवलं असलं तरी दाखवलं नाही. दोरीखालून वाकून आत आले. जोडीदारांना चहा दिला, मला दिला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं बसायला पोतं शोधलं. डाव्या टॉवरच्या थप्पीच्या वरच्या थरातल्या एका पोत्यावर टेकले.

टेकले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बाजूच्या पोत्यावर तळहात दाबला, मग त्याच्या पलीकडच्यावर. मग शांतपणे, अगदी सुपारी मागावी तसं, म्हणाले, "खाली घे."

माझं डोकं फिरलं. उचलताना एकानंच बोलायचं, आणि तो एक मी. "बाबा, तुमी मधात बोलू नका. उठा तिथून."

"मी उठत नाई. पयले खाली घे. हळू घे."

दोन्ही जोडीदार माझ्याकडे बघत होते. मी बाबांकडे बघितलं. ते पोत्यावर दोन्ही पाय घट्ट रोवून, अंग जड करून बसले होते. बाजारात ट्रकच्या मागच्या फाळक्यावर असे बसलेले मी त्यांना लहानपणी पाहिले होते. माझी नजर त्यांच्या पायांवरून खाली टॉवरच्या मागच्या पायाकडे गेली. त्या पायाखाली मी लाकडी फळी दिली होती. मी वाकून फळीला बोट लावलं. ती सरकली. ज्या फळीवर टॉवर आणि पोत्यांचं सगळं ओझं असायला हवं होतं, ती एका बोटानं सरकली.

टॉवर ज्या दिशेला कोसळला असता, त्या दिशेला माझी बायको सतरंजीची सुरकुती काढत होती.

"उतरव," मी म्हणालो. "दोघं बरोबर. एक-एक कडी."

स्पीकर जमिनीला टेकेपर्यंत बाबा जागचे हलले नाहीत. टेकल्यावर उठले, कमरेला हात लावून, आणि बसलेलं पोतं एका हातानं कलतं करून दाखवलं. बासष्ट किलोचं पोतं, माझा बाप, या पाठीचा, एका हातानं.

"याच्यात सोयाबीन नाई," ते म्हणाले. "कुटार हाये."

दाभणानं शिवण उसवली. आत सोयाबीनचं कुटार ठासून भरलेलं होतं, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा. अशी तीन पोती निघाली. पोतं तेच, खडूचा आकडा तोच, माल गायब.

"तुमाले कसं समजलं?" मी विचारलं.

"सोयाबीन बसल्यावर खाली दबते, कुटार वर उसळते. अन् शिवण पाय ना. बाजारातला मानूस असा टाका घालत नाई." मग म्हणाले, "तीस वर्स पाठीवर घेतलं ते. आता बुडाखाली समजणार नाई का?"

तीन पोतीवाले गृहस्थ बोलवावे लागले नाहीत. गर्दी जमलेली बघून ते स्वतःच आले, मान खाली घालून. बायकोनं चुकून बियाण्याची पोती दिली होती. पेरणीसाठी राखून ठेवलेलं सोयाबीन. रात्री त्यांच्या म्हाताऱ्या आईनं कोठीत पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "गावभर सांगून देल्ले होते राजेहो," ते म्हणाले. "वापस नेतो म्हनाची लाज वाटली. मले वाटलं, पोत्याची गिनती भरली म्हंजे झालं. म्हून उजाडता-उजाडता बियाणं काहाडलं अन् तेच पोते भरून आणून ठेवले."

मी त्या माणसाला त्या दिवशी काय काय बोललो ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. शेवटी बाबाच मधे पडले, "बियाण्याच्या मानसाले इतकं बोलू नये बे. त्याचा जून येऊन राह्यला." त्या गृहस्थांनी तासाभरात तुरीची तीन पोती आणली. त्यांच्यावर रागावलो खरा, पण लाजेपायी पोत्यात कुटार भरणाऱ्यावर मी किती रागवायचं? कागदावर मीही सकाळी तेच केलं होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, दुपारी सुचलं.

काटा पुन्हा आला. सगळी पोती पुन्हा मोजली. मग मी हेल्मेट काढलं, बाबांसाठी खुर्ची आणली आणि चार लोकांसमोर म्हणालो, "बाबा, थप्पी कशी लावाची, सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खुर्चीत बसले आणि सांगू लागले. एक आडवं, एक उभं. कान आत. शिवण वर दिसली पाहिजे, म्हणजे कुणी उसवली तर कळते. त्या तासाभरात मैदानावर एकाच माणसाचा आवाज होता. मी आणि माझे दोन जोडीदार त्यांच्या बोटाबरोबर पोती फिरवत होतो. दोन्ही टॉवरच्या थप्प्या अशा बसल्या की मागची फळी हातोडीनंही हलेना. मग पुन्हा हातभर उचललं, थांबलो, चहा झाला. मी एकेक पोतं स्वतः दाबून बघितलं. मगच स्पीकर वर गेले. वीस फुटांवर, सरळ, एका रेषेत. मी आजवर टांगलेले सगळ्यात देखणे स्पीकर तेच.

संध्याकाळी मैदान भरलं. मागे उभं राहायला जागा नव्हती. गाणी सुरू झाली आणि शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द ऐकू जात होता. मी मिक्सरपाशी उभा होतो आणि माझ्या चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. बाबा मात्र डाव्या टॉवरच्या मागे पोत्यांवर बसले होते. पुढे खुर्ची ठेवली होती, पण ते येईनात. "मी उठलो त कोनी पोतं नेईन," म्हणाले. त्यातली चेष्टा किती आणि काळजी किती, ते मला सांगता येणार नाही.

मग सत्कार आले. निवेदकांनी मला बोलावलं, शाल दिली आणि ते माझा कागद वाचू लागले. पुण्याचा अनुभव वाचला, टाळ्या झाल्या. मग त्यांनी वाचलं, "वडील बाजार समितीत नोकरीस होते." पुढच्या रांगेतल्या दोन-चार बाया एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट नव्हत्या हसत. मला कानामागे गरम झालं. टॉवरमागे अंधार पडायला लागला होता, तरी बाबांचा पांढरा सदरा दिसत होता. तो हलला नाही.

मी निवेदकांच्या हातातून माइक घेतला. मी माइकचाच माणूस, तरी आयुष्यात त्यावर कधी बोललो नव्हतो.

"ते चुकीचं लिहिलंय," मी म्हणालो. "मीच लिहिलंय. माझे बाबा नोकरीस नव्हते. माझे बाबा हमाल आहेत. तीस वर्षं त्यांनी वाशीमच्या बाजारात पोती वाहिली. आज सकाळी ते नसते तर आत्ता तुम्ही बसलाय तिथे हे स्पीकर पडले असते. वजन उचलायचं मी पुण्यात शिकलो असं सांगत फिरतो. वजन म्हणजे काय ते मला घरातच शिकायला मिळत होतं आणि मी शिकलो नाही. ही शाल माझी नाही."

माझा आवाज माझ्याच स्पीकरमधून बाहेर पडला आणि विहाराच्या भिंतीवरून परत आला. मग टाळ्या सुरू झाल्या, आधी मागून, उभ्या असलेल्या माणसांमधून. तीन पोतीवाले गृहस्थ सगळ्यात जोरानं वाजवत होते.

मी स्टेजवरून उतरलो आणि टॉवरमागे गेलो. बाबा तसेच बसले होते, डोळे मात्र पुसलेले होते. मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. वाकलेल्या पाठीवर ती नीट बसेना, म्हणून मी ती दोन्ही बाजूंनी ओढून सारखी केली.

"एवढ्या जोरानं कायले सांगून राह्यला?" ते म्हणाले. "गावाले माईत नाई का?"

"गावाले माईत होतं बाबा," मी म्हणालो. "मीच कधी सांगतलं नव्हतं."

ते थोडे सरकले. मी त्यांच्या बाजूच्या पोत्यावर बसलो, बसता-बसता हातानं दाबून बघितलं, आणि गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.